सकाळचा पहिला गिअर

नाशिकची डिसेंबरातली सकाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सहा वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं, नळाचं पाणी हाताला चावतं आणि शेजारच्या निफाडला पारा किती उतरला याची चर्चा चहाबरोबरच सुरू होते. अशाच एका शनिवारी बाबांना नाशिकरोड स्टेशनला सोडायचं होतं. पंचवटीने मुंबईला जाऊन ते संध्याकाळी परत येणार होते. मी आदल्या रात्रीच पुण्याहून बाइकवर आलो होतो. दोनशे किलोमीटर, एकदाही कुरकुर नाही.

सकाळी स्टार्टर दाबला, गाडी लगेच सुरू. बाबा मागे बसायला लागले. त्यांचा एक पाय पलीकडे गेला होता, दुसरा अजून जमिनीवर, आणि मी घाईघाईत क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला. खाड्! गाडीने फूटभर उडी मारली आणि बंद पडली. बाबांनी कसंबसं फाटकाला धरलं म्हणून पडले नाहीत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

मी पांढराफटक. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "क्लच चिकटलाय रे. थंडीत आधी क्लच धरून दोन-चार किका मारायच्या असतात."

"बाबा, ते तुमच्या जुन्या गाडीचं. हिला किक आहे कुठे?" मी वैतागून बोललो. आवाज नको तेवढा चढलाच. शेवटी रिक्षा केली आणि गाडी तिथेच राहिली.

लहानपणापासून मी बाबांना तो प्रकार करताना पाहत आलो होतो. साडेतीनशे सीसीची त्यांची जुनी गाडी, सकाळी आधी क्लच दाबून तीन-चार वेळा नुसतीच किक हाणायची, मग क्लच सोडून खरी किक. मला ते लिंबू-मिरची बांधण्यातलाच प्रकार वाटायचा. आम्ही भावंडं तर त्याला 'गाडीची पूजा' म्हणायचो.

तर मंडळी, मी डिग्रीने मेकॅनिकल, पोटापाण्याला जावा (प्रोग्रॅमिंगची भाषा, मोटरसायकल नव्हे). स्टेशनवरून परत आलो आणि ठरवलं की आज या बगचा छडा लावायचाच.

डिबगिंगचा पहिला नियम म्हणजे बिघाड नेमका कुठे *नाही* ते आधी शोधा. इंजिन बंद ठेवून गाडी थोडी पुढे-मागे करत सगळे गिअर टाकून पाहिले. लोण्यासारखे पडले. म्हणजे गिअरबॉक्स बरा होता. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन सुरू केलं, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला. क्लच दाबलेला असताना मागच्या चाकाला इंजिनाचा जोर मिळायला नको, पण चाक चांगलं गरागरा फिरत होतं. न्यूट्रल शोधायला गेलो तर लिव्हर पहिल्यातून सरळ दुसऱ्यात. मग दहा मिनिटं चक्कर मारून आलो आणि तेच परत केलं. चाक आता कसंबसं फिरत होतं, ब्रेकवर नुसता पाय ठेवला तरी थांबत होतं आणि न्यूट्रल एका टिचकीत सापडत होता. म्हणजे बिघाड गिअरचा नव्हताच. थंड असताना क्लच सुटत नव्हता, आणि बाबांनी हेच पाच सेकंदांत सांगितलं होतं.

पण क्लच थंडीतच का चिकटावा? उत्तर शोधायला बसलो आणि शनिवार दुपार गेली. कारण ते समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकलींना ही कटकट नव्हती, कारण त्यांना ना क्लच होता ना गिअर. इंजिनाच्या पुलीवरून एक चामड्याचा पट्टा थेट मागच्या चाकावर. गाडी ढकलत पळायचं, इंजिनाने दम धरला की उडी मारून बसायचं. थांबायचं म्हणजे इंजिनही बंद. चढ आला की सायकलसारखे पेडल मारायचे, नाहीतर उतरून ढकलायचं.

सपाट रस्त्यावर हे चालून जायचं. मग आलं १९११. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून टीटी नावाची शर्यत होत होती. १९११ मध्ये आयोजकांनी ती स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या नव्या, सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या मार्गावर नेली. रस्ता समुद्रसपाटीजवळून चढत जवळजवळ चौदाशे फुटांवर जातो. त्या वर्षीच्या सीनियर शर्यतीत पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही नंबर 'इंडियन' गाड्यांनी पटकावले. (नाव इंडियन, कंपनी अमेरिकन, आपला संबंध शून्य.) त्या गाड्यांना चेन होती आणि दोन गिअर होते. पट्टेवाल्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. त्यानंतर मोटरसायकलला गिअर असावा की नसावा ही चर्चा फार दिवस टिकली नाही.

आता गिअर आले म्हणजे ते बदलताना इंजिन आणि चाक यांची क्षणभर फारकत करणारं काहीतरी हवंच. तो क्लच. इथे एका माणसाची ओळख करून देतो, कारण आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात तो भेटला होता आणि त्याचा क्लचशी काही संबंध असेल हे परीक्षा देऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

हेन्री सेल्बी हेले-शॉ हा इंग्रज प्राध्यापक. १८९८ मध्ये त्याने एक सुंदर प्रयोग केला. काचेचे दोन तुकडे एकमेकांच्या अगदी जवळ ठेवले, मधल्या बारीक फटीतून द्रव सोडला आणि त्यात रंगाच्या रेघा सोडून तो कसा वाहतो ते पाहिलं. इतक्या बारीक फटीत द्रवाचा चिकटपणाच राजा असतो. खळबळ, भोवरे काही नाही, सगळं शिस्तीत. या मांडणीला आजही 'हेले-शॉ सेल' म्हणतात. पुढे काही वर्षांतच याच माणसाने मोटारींसाठी एक क्लच बनवला. एका मोठ्या तबकडीऐवजी अनेक पातळ प्लेट्स एकमेकींवर रचलेल्या, एक इंजिनाची, एक गिअरबॉक्सची, परत एक इंजिनाची, आणि सगळी चळत तेलात बुडवलेली.

कल्पना फारच हुशार. एका प्लेटला जेवढं घर्षण पेलतं ते दहा पृष्ठभागांवर दसपट पेलतं, त्यामुळे क्लच छोट्या डब्यात मावतो. तेलामुळे तो तापत नाही आणि झिजतही नाही. जागेची चणचण असलेल्या मोटरसायकलला यापेक्षा सोयीचं काय असणार! आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गिअरवाल्या बाइकच्या पोटात याच कल्पनेची वंशज असलेली प्लेट्सची चळत आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर त्या प्लेट्समध्ये चक्क बुचाचे तुकडे बसवलेले असत, बाटलीच्या बुचाची असते तीच झाडाची साल. तेलात भिजलं तरी बूच पकड सोडत नाही म्हणून.

पण आता जरा विचार करा. क्लच दाबला की स्प्रिंगांचा दाब जातो आणि प्लेट्स सुट्या होतात. सुट्या म्हणजे किती? दोन प्लेट्समधली फट मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्या फटीत तेल. एक प्लेट फिरतेय, दुसरीने स्थिर राहावं अशी अपेक्षा आहे, आणि मधलं चिकट तेल दुसरीला सोबत ओढतंय. तेल जेवढं घट्ट आणि फट जेवढी बारीक, तेवढी ओढ जास्त. बारीक फटीत चिकटपणाच राजा असतो हे ज्याने काचेत दाखवलं, त्याच माणसाने तेलात बुडालेल्या प्लेट्सचा क्लच दिला. माझी गाडी उडी मारत होती ती याच राजाच्या हुकमाने.

थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ते आठवा. इंजिन ऑइल तसं गोठत नाही, पण घट्ट मात्र होतं. त्यातून गाडी रात्रभर उभी, म्हणजे स्प्रिंगांनी प्लेट्स रात्रभर एकमेकींवर दाबलेल्या. तेल पिळून बाहेर आणि उरलेला पातळ थर डिंकासारखा. सकाळी लिव्हर दाबला तरी चळत पूर्ण सुटत नाही.

बाबांच्या पूजेचा अर्थ इथे लागला. जुन्या ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स हे दोन वेगळे डबे असत आणि किक गिअरबॉक्सला जोडलेली असे. किकेचा जोर क्लचमधून इंजिनाला जायचा. म्हणजे क्लच दाबून किक मारली की इंजिन जागच्या जागी आणि क्लचच्या निम्म्या प्लेट्स तेवढ्या जोराने फिरणार. चिकटलेली चळत तट्कन सुटणार. लिंबू-मिरची कसली, साधं सरळ यंत्रशास्त्र!

आता ते 'खाड्'. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा एका गिअरच्या बाजूचे जाड खुंट शेजारच्या गिअरच्या खाचांत सरकतात. (या खुंटांना इंग्रजीत 'डॉग' म्हणतात. कुत्रा जसा धरला की सोडत नाही, तसाच.) क्लच नीट सुटला असेल तर आतला शाफ्ट जवळजवळ थांबतो आणि खुंट 'टक्' करून बसतात. क्लच ओढत असेल तर शाफ्ट फिरताच राहतो आणि खुंट खाचेत आपटतात. खाड्! न्यूट्रल न सापडण्याचंही कारण हेच. ओढणाऱ्या क्लचमुळे खुंटांवर सतत ताण असतो, मग ते खाचेतून बाहेर सरकायला तयार होत नाहीत. तुम्ही जोर वाढवता आणि लिव्हर अर्ध्या पायरीवरचा न्यूट्रल ओलांडून थेट दुसऱ्यात.

ही अर्धी पायरी आली कुठून? १९२० च्या दशकापर्यंत गिअरचा दांडा सहसा टाकीशेजारी असे, हाताने ओढायचा. म्हणजे शर्यतीत वळणावर एक हात हँडलवरून काढायचा. बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीतल्या हॅरॉल्ड विलिस या इंजिनिअर-शर्यतपटूने १९२८ च्या सुमारास पायाने चालणारी अशी यंत्रणा बनवली की लिव्हर एकदा दाबला की बरोबर एकच गिअर बदलतो आणि लिव्हर परत मध्ये येतो. आज आपण सगळे हेच वापरतो, इतकं की याचा कुणी शोध लावला असेल असं वाटतच नाही. पण हातातल्या दांड्याला न्यूट्रलची जागा डोळ्यांनी दिसायची, ती आता पायाच्या अंदाजावर आली. १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या बुलेटच्या जुन्या गिअरबॉक्सला तर खास 'न्यूट्रल फाइंडर' नावाचा वेगळा छोटा लिव्हर होता. टाचेने दाबला की वरच्या कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रल. एक सोय केली की तिच्यातून निघालेल्या अडचणीसाठी दुसरी सोय. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही.

या जुन्या गाड्यांत इंजिनाचं तेल वेगळं, क्लच आणि प्रायमरी चेनच्या डब्याचं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. तीन जागा भरायच्या, तीन जागी गळायच्या. पार्किंगमधल्या फरशीवरच्या डागावरून गाडी कुणाची ते कळायचं. पण एक होतं, प्रत्येक डब्याला त्याच्या कामाचं तेल मिळायचं.

हे चित्र बदलणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव १९५८ च्या होंडा सुपर कबचं. इंजिन, क्लच, गिअर सगळं एका आटोपशीर डब्यात आणि सगळ्यांना मिळून एकच तेल. (तिचा क्लच तर आपोआप चालायचा, हाताचा लिव्हरच नाही.) स्वस्त, न गळणारी, कुणालाही सांभाळता येणारी गाडी. २०१७ मध्ये या मालिकेने दहा कोटींचा आकडा गाठला. आपल्याकडे १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि घरोघरी हाच प्रकार रुजला. जेमतेम एक लिटर ऑइल, वेळेवर बदला, बाकी विसरा. बुलेटनेही २००९ च्या आसपास वेगळे डबे सोडून एकत्र इंजिन घेतलं.

पण या एक लिटर तेलाच्या डोक्यावर काय काय आहे बघा. इंजिनासाठी ते शक्य तितकं निसरडं हवं. गिअरच्या दातांत भरडलं गेलं तरी टिकायला हवं. आणि क्लचसाठी? फार निसरडं असून चालणारच नाही, नाहीतर प्लेट्स पकडणार कशा? एकाच माणसाला तीन मॅनेजर दिल्यासारखं आहे.

तेलाचाही स्वतःचा इतिहास आहे. १९११, म्हणजे त्या डोंगरी टीटीच्याच वर्षी, अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने मोटारींच्या तेलासाठी पहिले मापदंड काढले. त्यातूनच पुढे घट्टपणाचे आकडे आले. सुरुवातीला तेलाला एकच आकडा असे. थंडीत पातळ तेल घाला, उन्हाळ्यात घट्ट. १९५० च्या दशकात तेलात पॉलिमर मिसळून मल्टिग्रेड तेलं बाजारात रुळली आणि डब्यावर दोन आकडे आले. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड असतानाच्या घट्टपणाचा, दुसरा तापल्यानंतरचा. म्हणजे सकाळच्या पहिल्या गिअरचं भवितव्य पहिल्या आकड्यात असतं, आणि आपण दुकानात बहुतेक वेळा दुसराच बघतो.

१९९० च्या दशकात वेगळाच घोळ झाला. मोटारींचं मायलेज वाढावं म्हणून तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घालायला सुरुवात झाली. कारचा क्लच सहसा कोरडा असतो, त्याला काही फरक पडत नाही. पण तेच तेल बाइकमध्ये गेलं तर क्लच घसरायला लागायचा. शेवटी १९९८ मध्ये जपानच्या जासो संस्थेने खास मोटरसायकलच्या तेलासाठी टी ९०३ हे मानक आणलं. त्यात तेल क्लचला किती पकड देतं तेच मोजतात. 'एमए' म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, 'एमबी' म्हणजे जास्त निसरडं, स्कूटरसारख्या गाड्यांसाठी. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एकदा बघाच.

मीही शनिवारी संध्याकाळी तेच बघायला गेलो. आधी गाडीचं मॅन्युअल काढलं (विकत घेतल्यापासून पहिल्यांदाच, खोटं कशाला बोलू). त्यात १०डब्ल्यू-३० लिहिलेलं. मग ऑक्टोबरातलं सर्व्हिसिंगचं बिल काढलं. त्यात २०डब्ल्यू-५०. ग्रेड एमए होती, ते ठीक. पण घट्टपणा चुकला होता.

च्यायला, गॅरेजवाल्याने फसवलं, असं म्हणणार होतो आणि जीभ चावली. कारण मला स्पष्ट आठवलं, मीच त्याला सांगितलं होतं. "हायवेला पळवतो, जाड ऑइल टाक, इंजिनाला बरं." तो पोरगा काहीतरी बोलत होता, मी फोनवर होतो. आणि नोव्हेंबरात गिअर कुरकुरायला लागले तेव्हा याच पोराला चार लोकांसमोर झापून आलो होतो, क्लच प्लेट्सची वाट लावलीस म्हणून.

रविवारी सकाळी पुन्हा तशीच थंडी. बाबा कानटोपी घालून बाहेर आले. आधी क्लचच्या लिव्हरचा ढिलेपणा पाहिला. टोकाशी एक-दीड सेंटिमीटर असायला हवा, माझा त्याच्या दुप्पट होता. म्हणजे लिव्हर पूर्ण दाबला तरी आत प्लेट्स पूर्ण उघडतच नव्हत्या. घट्ट तेल आणि ढिली केबल, दोन बग एकत्र. केबल पान्याने सेट केली.

"आता किक नाही तर काय करायचं?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचीच पूजा, फक्त पोर्ट करायची. किकने क्लचच्या निम्म्या प्लेट्स फिरायच्या, इथे तेच काम मागच्या चाकाकडून करून घ्यायचं. इंजिन बंद, दुसरा गिअर, क्लच घट्ट दाबलेला. मी हँडल धरलं, बाबांनी मागून धक्का दिला. पहिल्यांदा गाडी ब्रेक लागल्यासारखी अडली. दुसऱ्या धक्क्याला आत काहीतरी सुटल्याचं हाताला जाणवलं आणि ती गपगुमान सरकायला लागली. चार पावलं पुढे, चार मागे. मग न्यूट्रल, स्टार्टर, मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवलं. क्लच दाबून पहिला गिअर टाकला.

टक्.

बाबा काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि मागे बसायला आले. या वेळी त्यांचे दोन्ही पाय फूटरेस्टवर आल्याशिवाय मी लिव्हरला पायही लावला नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला. "काल जरा जास्तच बोललो," असं म्हटलं तर म्हणाले, "चहा थंड होतोय."

सोमवारी पुण्यात आल्यावर गॅरेजला गेलो. तेल बदलायला सांगितलं आणि त्या पोराला, परत चार लोकांसमोरच, सांगितलं की चूक माझी होती. तो पाना पुसत म्हणाला, "सर, मी तेव्हाच म्हणत होतो दहा-तीस टाकू म्हणून. तुम्ही फोनवर होता."

असो. थंडी अजून महिनाभर आहे. सकाळी गाडी काढताना जरा दम धरा, आणि मागे कोणी बसत असेल तर आधी त्यांना नीट बसू द्या.